मॉली कुणाची?

अमेरिकेतल्या सव्हाना शहरात, भुतांच्या गोष्टी सांगत फिरवणाऱ्या 'घोस्ट टूर'वर, मॅडिसन चौकात रात्री साडेनऊच्या सुमारास आम्ही वीस-पंचवीस जण एका जुन्या घराकडे तोंड करून उभे होतो. डोक्यावर ओकची मोठी झाडं, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारं करडं स्पॅनिश मॉस. गाइड तरुण होता. त्याने आवाज खाली आणला आणि गोष्ट सुरू केली. फ्रान्सिस सोरेल नावाचा श्रीमंत व्यापारी या घरात राहायचा. मॉली नावाच्या गुलाम मुलीशी त्याचं प्रकरण होतं. बायकोने, म्हणजे माटिल्डाने, एकदा दोघांना एकत्र पाहिलं आणि सज्जातून खाली उडी घेतली. पुढे थोड्याच दिवसांत मागच्या बग्गीखान्याच्या माडीवर मॉली गळफास लागलेली सापडली. तिथे अजून कुणीतरी गळा आवळल्यासारखं वाटतं म्हणे.

माझ्यासोबत मावशी होती. वेंगुर्ल्याची, पंच्याहत्तरीची, अटलांटाला माझ्याकडे दोन महिने राहायला आलेली. मी तिला हळू आवाजात मराठीत सगळं सांगत होते. गोष्ट संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "पण ही मॉली कुणाची गं?"

मी तिचा प्रश्न शब्दशः गाइडला विचारला. तो पटकन म्हणाला, "सोरेलची. त्याच्या मालकीची होती."

मावशीला हे विचारायचंच नव्हतं. आपल्याकडे गावात अनोळखी पोर दिसली की म्हातारी माणसं विचारतात, "तू कुणाची गं?" म्हणजे तुझी आई कोण, बाप कोण, वाडी कुठली. सव्हानात त्याच शब्दाला दुसरंच उत्तर मिळालं, आणि ते त्या काळाला धरून अगदी बरोबर होतं. मॉली असलीच, तर कायद्याच्या लेखी ती सोरेलचीच होती. गाइडने चूक काहीच सांगितलं नव्हतं, आणि तरी ते उत्तर मला अजून टोचतं.

जॉर्जिया राज्याचं हे बंदर १७३३ साली जेम्स ओगलथॉर्पने वसवलं. पहिल्या वर्षांत इथे गुलामगिरीला बंदी होती. १७५१ पासून ती उठली आणि पुढचं सगळं वैभव भात, कापूस आणि त्यात राबणाऱ्या गुलामांच्या जिवावर उभं राहिलं. आज हेच शहर भुतांचं शहर म्हणून स्वतःची जाहिरात करतं. संध्याकाळ झाली की चौकाचौकातून घोस्ट टूरचे जथे निघतात. छत कापलेल्या शववाहिकांतूनही लोकांना फिरवतात. कलोनियल पार्क या जुन्या दफनभूमीत १८२० च्या पिवळ्या तापाच्या साथीत गेलेल्या जवळपास ७०० माणसांची पाटी आहे. तिच्यासमोर प्रत्येक जथा थांबतो. मला या टूर बंद व्हाव्यात असं मुळीच वाटत नाही. गोष्टी ऐकायला मलाही आवडतं, कोकणातलं बालपण त्यावरच गेलं. पण गुलाम म्हणून जगलेल्या माणसांच्या मरणावर जे शहर तिकीट लावतं, त्याने मावशीच्या प्रश्नाचं उत्तर देण्याची निदान धडपड केली पाहिजे, आणि कागदावर काय आहे नि काय रचलेलं आहे हे ऐकणाऱ्याला सांगितलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मॉलीचंच घ्या. टिया माइल्स या इतिहासकार बाईंनी ही गोष्ट टूरमध्येच ऐकली आणि त्या अस्वस्थ होऊन मॉलीचा माग काढायला निघाल्या. जुनी दप्तरं चाळूनही त्यांना मॉली सापडली नाही. फ्रान्सिस सोरेल खरा. आजच्या हैतीत, म्हणजे तेव्हाच्या सँ-डोमँगमध्ये जन्मलेला, सव्हानात येऊन गबर झालेला, गुलाम बाळगणारा. माटिल्डाचा १८६० मध्ये उंचावरून पडून मृत्यू झाला, हेही खरं. पण तोवर सोरेलने हे घर वीड नावाच्या माणसाला विकलं होतं आणि कुटुंब शेजारच्या घरात राहत होतं. म्हणजे जो सज्जा आम्हाला बोट करून दाखवला, तिथून ती पडलेलीच नाही.

यावर एक उत्तर येतं आणि ते वजनदार आहे. गुलामांचं कागदावर सापडणार तरी काय? १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांचे वेगळे तक्ते होते. त्यात मालकाचं नाव असायचं आणि त्याच्याखाली गुलामांचं नुसतं वय, लिंग आणि रंग. बावीस वर्षं, स्त्री, काळी. पस्तीस वर्षं, पुरुष, काळा. नावाचा रकानाच नाही. तेव्हा मॉली कागदात सापडली नाही याचा अर्थ ती नव्हतीच असा होत नाही. तिच्यासारख्या हजारो होत्या. मालकाच्या घरात झोपणाऱ्या, नकार द्यायचा अधिकारच नसलेल्या. कागद ज्यांनी लिहिले त्यांनीच त्यांना गाळलं, तर मग कागदाचा हट्ट धरणं म्हणजे त्या अन्यायाला पुन्हा दुजोरा देणं नव्हे का?

मी यावर बराच विचार केला आहे. माझं म्हणणं असं की कागद नसेल तर तसं सांगावं. "या घरात कितीतरी मुली राबल्या, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, मॉली हे नाव नंतरच्या गोष्टीतलं आहे," एवढी तीन वाक्यं चौकात उभं राहून बोलता येतात, आणि ती ऐकताना अंगावर जो काटा येतो तो दोरखंडाच्या वर्णनाने येत नाही. आपल्याकडे ज्यांची तिथी ठाऊक नाही अशा माणसांसाठी सर्वपित्री अमावास्या ठेवलेली आहे. तिथी माहीत नाही हे आपण लपवत नाही, खोटी तिथीही लावत नाही, पण पान मात्र वाढतो. माझ्या मनात मॉलीसाठी तशी जागा आहे. उलट आज सांगितली जाणारी मॉली ही माटिल्डाच्या दुःखाला कारण म्हणून आणलेली आणि काम झाल्यावर लटकवलेली मुलगी आहे. आणि 'प्रकरण' हा शब्द! जिचं शरीर मालकाच्या खात्यात मालमत्ता म्हणून मांडलेलं होतं, तिच्याबाबतीत घडलेल्या गोष्टीला प्रकरण म्हणणं हे मला सगळ्यात असह्य वाटतं. गाइडने तो शब्द मुद्दाम वापरला नसेल. पिढ्यान् पिढ्या तोच शब्द सांगण्यात आला, म्हणून त्याच्याही तोंडी बसला.

भुतं मी मानत नाही. देवरुषाच्या नावाखाली बायकांना कशी मारहाण होते तेही पाहून आहे. महाराष्ट्राला त्यासाठी २०१३ साली कायदा करावा लागला, तो योग्यच झाला. पण भुतांच्या आपल्या जुन्या गोष्टींत एक माणुसकीचा धागा मला नेहमी दिसत आला. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा, अळवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. भुताच्या नावातच त्याचं काय राहून गेलं ते सांगितलेलं असतं. आणि कुणाच्या अंगात वारं आलं की घरातलं जाणतं माणूस पुढे होऊन विचारतं, "तू कोण? कुठची? काय राहिलंय तुझं?" भूत खरं असो-नसो, पहिला प्रश्न नावाचा. मावशीने मॅडिसन चौकात केलं ते हेच.

हे सांगताना आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं मी भासवणार नाही. पुण्यात शनिवारवाड्यासमोरून जाताना "काका, मला वाचवा" प्रत्येकाला आठवतं. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांच्या अंगावर स्वतःला झोकून देऊन मेलेला सेवक चाफाजी टिळेकर किती जणांना आठवतो? त्याच दिवशी वाड्यातल्या दासीही कापल्या गेल्या. त्यांच्या किंकाळ्या अमावास्येला ऐकू येतात असं कुणी म्हणत नाही. भूत व्हायलाही बहुधा दर्जा लागतो, आणि हे मी दुःखाने लिहिते आहे.

सव्हानात चूक दुरुस्त करायचा एक सरकारी मार्ग होता. गाइड व्हायचं तर शहराच्या इतिहासाची लेखी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागायचा. २०१४ मध्ये काही गाइड त्याविरुद्ध कोर्टात गेले. २०१५ मध्ये शहराने नियम मागे घेतला, आणि २०१९ मध्ये फेडरल न्यायाधीशाने तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात असल्याचा निकाल दिला. गोष्ट सांगायला सरकारची परवानगी कशाला, हा मुद्दा मला पटतो. सरकारने ठरवलेला इतिहास काय असतो ते दक्षिणेतल्या काळ्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या शाळेच्या पुस्तकांतून सोसलं आहे.

शिवाय परवान्याने काम भागत नाही याचा दाखला न्यू ऑर्लिन्समध्ये आहे. तिथे परवान्याचा नियम कोर्टात टिकला, आजही आहे. आणि तिथेच रॉयल स्ट्रीटवर ११४० क्रमांकाच्या घरासमोर रोज रात्री गर्दी असते. डेल्फिन लालोरी या उच्चभ्रू बाईच्या घराला १० एप्रिल १८३४ रोजी आग लागली, तेव्हा आत साखळदंडांनी बांधलेले, छळलेले सात गुलाम सापडले. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आलेली हकीगत वाचवत नाही इतकी भयंकर आहे. तरी ती कमी पडली म्हणून की काय, पुढे विसाव्या शतकात तिच्यात हाडं मोडून खेकड्यासारखी केलेली माणसं वगैरे तपशील घुसवले गेले, आणि आज जास्त खपतात ते हेच. पण त्याच घरात अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर काळ्या-गोऱ्या मुलींची एकत्र शाळा भरत होती. डिसेंबर १८७४ मध्ये गोऱ्या जमावाने शाळेत घुसून मुलींना एकेक करून उभं केलं आणि काळं रक्त असलेल्यांना वेगळं काढून हाकलून दिलं. कोण काळी, कोण गोरी हे चेहऱ्यावरून ओळखू येईना, इतक्या त्या मिसळलेल्या होत्या. हे नोंदलेलं आहे. या मुलींची गोष्ट सांगायला भूत लागत नाही, म्हणूनच कदाचित ती अंधारात सांगितली जात नाही.

मॅडिसन चौकातही तेच. सोरेलच्या घरापासून चार पावलांवर ग्रीन-मेल्ड्रिम हाऊस आहे. यादवी युद्धात, १८६४ च्या डिसेंबरात, उत्तरेच्या सैन्याच्या जनरल शर्मनने सव्हाना जिंकलं आणि तिथे मुक्काम ठोकला. १२ जानेवारी १८६५ च्या संध्याकाळी त्या घराच्या माडीवर २० काळे धर्मोपदेशक शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांच्यासमोर बसले. त्यांच्या वतीने बोलला गॅरिसन फ्रेझियर, वय ६७. स्वतःच्या आणि बायकोच्या स्वातंत्र्यासाठी त्याने हजार डॉलर सोन्या-चांदीत मोजले होते. गुलामगिरी म्हणजे काय असं विचारल्यावर तो म्हणाला, दुसऱ्याचे श्रम त्याच्या संमतीवाचून बळजबरीने घेणं. तुम्हाला काय हवं असं विचारल्यावर म्हणाला, जमीन. ती आम्ही कसू. चार दिवसांनी शर्मनने किनाऱ्यावरची जमीन चाळीस-चाळीस एकरांच्या तुकड्यांत वाटायचा हुकूम काढला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने ती मालकांना परत द्यायला लावली. एका बाजूला नाव-गाव-वय असलेला, हिशेबाचं बोलणारा माणूस, दुसऱ्या बाजूला सांगोवांगीची मॉली. आमचा जथा त्या घरावरून न थांबता पुढे गेला.

"लोक मजा करायला येतात, त्यांना इतिहासाचा तास नको असतो," असं टूरवाले म्हणतात. मला हे पटत नाही. आमच्या जथ्यात ओहायोचं एक कुटुंब होतं, त्यांचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा प्रत्येक थांब्यावर "हे खरं आहे का?" असं विचारत होता. त्याला खरं हवं होतं. दुसरं म्हणणं असं की, भुताच्या निमित्ताने का होईना, गुलामगिरीचा विषय त्या लोकांच्या कानावर जातो जे एरवी संग्रहालयात पाऊल ठेवणार नाहीत. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच मी टूर बंद करा म्हणत नाही. पण कानावर जाणारी गोष्टच जर मालकाच्या घरातल्या भानगडीची असेल, तर ऐकणारा घरी घेऊन जातो ती भानगडच.

दुसऱ्या तऱ्हेने सांगता येतं, हे याच शहराने दाखवलं आहे. ओवेन्स-थॉमस हाऊस ही १८१९ ची देखणी वास्तू. तिच्या मागच्या गुलामांच्या खोल्यांचं छत निळं आहे. नीळ, चुना आणि ताक यांचा तो रंग. याला 'हेंट ब्लू' म्हणतात. हेंट म्हणजे भूत. किनाऱ्यावरच्या गला-गीची लोकांत, म्हणजे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांच्या वंशजांत, समजूत अशी की या रंगाने भूत घरात शिरत नाही. २०१८ पासून संग्रहालयाने वास्तूच्या नावातच गुलामांच्या खोल्यांचा उल्लेख घातला आणि दौऱ्याची मांडणी बदलली. त्या छताखाली मावशी बराच वेळ मान वर करून उभी होती. आमच्या जुन्या घराच्या भिंतींनाही चुन्यात नीळ घालून रंग द्यायचे, म्हणाली. माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. या खोल्यांत राहणाऱ्यांना स्वतःची भीती होती, स्वतःच्या समजुती होत्या, रात्री मुलाबाळांना जपायची स्वतःची रीत होती. आणि भुतांपासून राखण करणाऱ्या याच माणसांना बाहेरच्या चौकांत आपण भूत करून टाकलं आहे.

अॅबरकॉर्न रस्त्यावरच्या एका चौकाचंही तसंच. त्याच्या आसपासच्या घरांविषयी वाटेल त्या भयकथा प्रचलित आहेत, कारण तिथे जमिनीखाली गुलामांची दफनभूमी होती. त्या चौकाला नाव मात्र होतं जॉन कॅल्हूनचं, गुलामगिरी ही चांगलीच गोष्ट आहे असं सिनेटमध्ये सांगणाऱ्या माणसाचं. शहरातल्या लोकांनी पाठपुरावा केला, २०२२ मध्ये ते नाव उतरलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चौकाला सूझी किंग टेलर हे नाव मिळालं. ही बाई १८४८ मध्ये गुलाम म्हणून जन्मली, सव्हानात चोरून भरणाऱ्या शाळेत अक्षरं शिकली, चौदाव्या वर्षी पळाली, काळ्या सैनिकांच्या पलटणीत तिने शुश्रूषा केली आणि त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं. आता तिथे थांबणाऱ्या प्रत्येक गाइडला निदान चौकाचं नाव तरी उच्चारावं लागतं.

टूरवाल्यांकडून माझी अपेक्षा फार नाही. प्रत्येक गोष्टीनंतर हे नोंदलेलं आहे की ऐकीव, एवढं सांगावं. गुलाम माणसाचं नाव माहीत असेल तर मालकाच्या आधी ते घ्यावं. नसेल तर ते का नाही हे सांगावं. आणि आपण तिकीट काढणाऱ्यांनी ओहायोच्या त्या मुलासारखं विचारत राहावं. ज्या गोष्टीवर प्रश्न येतात ती गोष्ट सांगणारा पुढच्या वेळी तयारी करून येतो.

आणखी एक जागा आहे, जिथे कुठलीच टूर जाताना मी पाहिलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीला मी तिथे नेलं. शहराच्या पश्चिमेला, गोदामं आणि साध्या घरांच्या वस्तीत, एक छोटी त्रिकोणी बाग आणि २००८ साली लावलेली एक पाटी. टेन ब्रोक नावाचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान त्या भागात होतं. पिअर्स बटलर या जमीनदाराने कर्ज फेडण्यासाठी २ आणि ३ मार्च १८५९ रोजी तिथे चारशेहून अधिक माणसं विकली. घोड्यांच्या ठाणांत त्यांना ठेवलं होतं. गिऱ्हाइकं तोंड उघडून दात बघत, दंड चाचपून बघत, चालवून बघत. दोन्ही दिवस पाऊस कोसळत होता. काळे लोक त्या दिवसांना 'रडण्याची वेळ' म्हणत आले. न्यूयॉर्कचा मॉर्टिमर थॉमसन हा बातमीदार गिऱ्हाईक असल्याचं सोंग घेऊन आत शिरला होता, म्हणून आपल्याला एवढं कळतं.

विक्रीची यादी छापलेली होती. शिरगणतीत नव्हती ती नावं या यादीत आहेत, कारण माल विकायला नाव लागतं. क्रमांक ३१९, जेफ्री, वय २३, कापसाच्या कामात तरबेज. क्रमांक २७८, डॉर्कस. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. पहिल्या दिवशी जेफ्री विकला गेला. तो नव्या मालकाच्या मागे लागला, डॉर्कसलाही घ्या. आधी प्रेमाचं बोलून पाहिलं. मग उमगलं की समोरच्याला ही भाषा कळत नाही, तेव्हा तो त्याच्या भाषेत बोलू लागला: उंच आहे, हात लांब आहेत, धट्टीकट्टी आहे, दिवसभरात ढीगभर काम उपसते. मालक विचार करतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी कळलं की डॉर्कस एकटी विकायची नाही, चौघांच्या गटात आहे. चौघं त्या माणसाला नको होती.

बाग म्हणजे चार झाडं आणि थोडं गवत. पलीकडे मालगाडी जात होती. मावशीने चप्पल काढून ठेवली, पाटीजवळ गेली आणि मला म्हणाली, "वाच. नावं असतील तर नावं वाच." पाटीवर यादी नव्हती. मी फोनवर शोधून थॉमसनची बातमी उघडली आणि जेवढी नावं सापडली तेवढी मोठ्याने वाचली. मध्येच तिने थांबवून डॉर्कसचं नाव पुन्हा वाचायला लावलं.

येत्या मार्चमध्ये माझी बहीण आणि तिची मुलं येणार आहेत. मुलांना घोस्ट टूर हवीच आहे, आणि तिकिटं मी काढणार आहे. मात्र सव्हानात शिरल्यावर गाडी आधी पश्चिमेला त्या बागेकडे न्यायची आहे. मोठी भाची चौदा वर्षांची आहे. यादीची पानं मी तिच्यासाठी छापून ठेवली आहेत, ती वाचेल.